म्युनिसिपालिटीचा दिवा

मराठीत 'परिस्थिती' या शब्दाला असा एक अर्थ चिकटलेला आहे की जो संस्कृत कोशात शोधून सापडणार नाही. 'घरची परिस्थिती बेताची होती' किंवा 'परिस्थितीमुळे शिक्षण अर्धवट राहिले' असे आपण म्हणतो, तेव्हा ज्या दारिद्र्याचे नाव उच्चारण्याचा संकोच वाटतो त्यालाच आपण हे सोज्ज्वळ नाव देत असतो. आणि अशा परिस्थितीवर मात करून पुढे आलेल्या एखाद्या कर्त्या पुरुषाचे चरित्र लिहावयास बसलो, की म्युनिसिपालिटीच्या दिव्याखाली बसून केलेल्या अभ्यासाचा उल्लेख केल्यावाचून आपली लेखणी पुढे सरकत नाही. त्या वाक्यातले सारे तेज आजवर अभ्यास करणाऱ्या मुलाच्या वाट्याला गेले, आणि ते योग्यच आहे, कारण त्याच दिव्याखाली पत्ते कुटणारी मुलेही बसलेली असत. परंतु 'म्युनिसिपालिटीच्या' या षष्ठीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. तो दिवा कोणीतरी मंजूर केलेला होता, त्याच्या तेलवातीची तरतूद कोणत्या तरी अंदाजपत्रकात झालेली होती, आणि तिन्हीसांजेला शिडी खांद्यावर टाकून तो पेटविणारा माणूस पगारी होता.

दारिद्र्यातून मनुष्य वर येतो तो स्वतःच्या जबाबदारीच्या जाणिवेने, की भोवतालच्या समाजाने पुरविलेल्या आधाराने, हा वाद तसा सर्व देशांत आहे. तथापि अमेरिकेतील महानगरांच्या अंतर्भागातील दारिद्र्याविषयी तो जितक्या हिरिरीने आणि जितक्या आकडेवारीनिशी झाला, तितका अन्यत्र क्वचितच झाला असेल. 'अंतर्भाग' हा शब्द आपल्या वाचकाला थोडा उलगडून सांगावा लागेल. आपल्याकडे शहराचा मध्य म्हणजे पेठा, सराफकट्टे आणि सोन्याच्या मोलाची जागा. बेताच्या मिळकतीचा माणूस बिऱ्हाड करतो ते लोकलच्या दीड तासाच्या अंतरावर. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर याच्या नेमके उलट झाले. सरकारी हमीच्या कर्जावर आणि नव्या महामार्गांवरून गोरा मध्यमवर्ग उपनगरांत गेला, त्याच्यामागून दुकाने व कारखाने गेले, आणि शहराच्या पोटात उरले ते लोक मुख्यतः कृष्णवर्णीय होते व त्यांना बाहेर जाण्याची वाट बंद होती. या लोकांच्या दारिद्र्याचे काय करावे, याविषयी तीस वर्षे चाललेल्या वादाचा एक निकाल २२ ऑगस्ट १९९६ रोजी लागला. त्या दिवशी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी ज्या कायद्यावर सही केली, त्याच्या लांबलचक नावाचे पहिलेच शब्द 'वैयक्तिक जबाबदारी' असे आहेत. करआकारणी, कूळ, वारसा अशा विषयांचे मथळे पाहण्याची सवय झालेल्या डोळ्यांना कायद्याच्या मथळ्यात आलेला हा नीतिपाठ विलक्षण वाटतो.

या वादाचे पहिले शास्त्रशुद्ध दप्तर ज्यांनी बांधले ते कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस १८९६ साली फिलाडेल्फियात आले, तेव्हा अवघे अठ्ठावीस वर्षांचे होते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने त्यांना हाताखालच्या अध्यापकाचा हुद्दा दिला होता, पण शिकविण्यासाठी वर्ग मात्र दिला नव्हता. नवपरिणीत पत्नीसह ते सातव्या वॉर्डातील एका खाणावळीच्या माडीवर एका खोलीत राहिले आणि सुमारे अडीच हजार बिऱ्हाडांचे उंबरठे झिजवून वय, धंदा, भाडे, शिक्षण यांचा तपशील त्यांनी स्वतःच्या हाताने नोंदविला. या परिश्रमातून १८९९ साली 'द फिलाडेल्फिया निग्रो' हा ग्रंथ सिद्ध झाला. त्याच्या समारोपात त्यांनी दोन कर्तव्ये वेगवेगळी मांडली आहेत, एक कृष्णवर्णीयांचे आणि दुसरे गोऱ्यांचे. आपल्या लोकांतील गुन्हेगारी, उधळेपणा आणि आळस यांवर पांघरूण घालण्याचे त्यांनी नाकारले. आणि त्याच लेखणीने, ज्या शहरात शिकलेल्या कृष्णवर्णीय तरुणाला वाढप्याखेरीज दुसरे काम मिळत नाही, त्या शहराला त्याच्या आळसाबद्दल बोलण्याचा अधिकार किती, असा हिशेबही मांडला. या मांडणीतून मला जे उमगते ते असे की, ही दोन कर्तव्ये परस्परांतून वजा करता येत नाहीत: एकाने कसूर केली म्हणून दुसऱ्याला माफी मिळत नाही. पुढील शतकभर ज्यांनी ज्यांनी या विषयावर वाद घातला, त्यांतील बहुतेकांनी ही वजाबाकी करण्याचाच उद्योग केला.

परिस्थिती म्हणजे नुसती गरिबी नव्हे, तिला दस्तऐवज असतात, हे पाहावयाचे तर शिकागोला जावे. १९१६ पासून १९७० पर्यंत अमेरिकेच्या दक्षिणेतून सुमारे साठ लाख कृष्णवर्णीय उत्तरेच्या व पश्चिमेच्या शहरांत गेले. त्यांतील असंख्य लोक इलिनॉय सेंट्रल रेल्वेने शिकागोत उतरले आणि शहराच्या दक्षिण भागातील एका अरुंद पट्ट्यात कोंबले गेले. त्या पट्ट्याबाहेरील घरांच्या खरेदीखतांतच, हे घर कृष्णवर्णीयास विकू वा भाड्याने देऊ नये, अशी अट घातलेली असे. अशा अटींची कोर्टामार्फत अंमलबजावणी करता येणार नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने दिला तो १९४८ साली. १९३० नंतरच्या मंदीत सरकारच्या गृहकर्ज महामंडळाने दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे रंगविले. हिरवा रंग निर्धोक वस्तीचा आणि तांबडा धोक्याचा. आणि कृष्णवर्णीयांची वस्ती जवळजवळ नेहमी तांबड्यात. १९३४ साली स्थापन झालेल्या गृहनिर्माण खात्याने कर्जाला सरकारी हमी देतानाही हीच दृष्टी ठेविली, आणि हमी नाही तेथे पेढ्यांनी कर्ज दिले नाही.

मग नॉर्थ लॉनडेलसारख्या वस्तीत, पोटाला चिमटा घेऊन घर घेऊ पाहणाऱ्या कुटुंबाने काय करावे? त्याच्यासाठी 'करारावर खरेदी' नावाचा एक मार्ग होता. दलाल गोऱ्या मालकाला, आता येथे काळे लोक येणार, अशी भीती घालून घर स्वस्तात पदरात पाडून घेई आणि तेच घर दुप्पट, क्वचित त्याहूनही अधिक किमतीला कृष्णवर्णीय कुटुंबाला हप्त्यांनी विकी. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मालकी हक्क विकणाऱ्याकडेच राही. मधला एक हप्ता चुकला तरी घर जाई आणि भरलेली सारी रक्कमही बुडे. हप्ता चुकू नये म्हणून नवरा दोन पाळ्यांत काम करी, बायको बाहेर मोलकरणीचे काम धरी, घरात पोटभाडेकरू ठेवले जात, छपराची डागडुजी पुढच्या सालावर ढकलली जाई आणि मुले शाळेतून येत ती कुलूप लावलेल्या घरी. काही वर्षांनी बाहेरचा मनुष्य त्या रस्त्यावरून जाई तेव्हा त्याला दिसत ती गळकी छपरे, गर्दीने भरलेली घरे आणि वाऱ्यावर सोडलेली मुले, आणि या लोकांना घराची किंमत नाही, असा अभिप्राय नोंदवून तो पुढे जाई. वस्तुतः त्याच्या डोळ्यांसमोर होता तो जबाबदारीचाच अतिरेक. १९६८ साली या खरेदीदारांनी संघटना उभारून हप्ते थकविण्याचा सत्याग्रह आरंभिला, त्यातून कित्येकांचे करार बदलून मिळाले; पण तोवर एका पिढीची बचत दलालांच्या तिजोरीत गेलेली होती.

सरकारने घरे बांधली नाहीत असे नाही. रॉबर्ट टेलर हे शिकागोच्या गृहनिर्माण प्राधिकरणाचे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष. नवी घरे सर्व वस्त्यांत विखरून बांधावीत असा त्यांचा आग्रह होता आणि नगरपरिषदेने तो मानला नाही म्हणून १९५० साली त्यांनी पद सोडले. १९६२ साली पुऱ्या झालेल्या ज्या वसाहतीला त्यांचे नाव देण्यात आले, ती म्हणजे सोळा मजल्यांच्या अठ्ठावीस इमारतींची एकाच कृष्णवर्णीय वस्तीत उभी केलेली भिंत होती. त्यांना जे नको होते त्यावरच त्यांच्या नावाची पाटी लागली. वसाहत ऐन भरात असताना तेथे सुमारे सत्तावीस हजार माणसे राहत. उद्वाहने बंद पडत, जिने अंधारे असत, आणि सोळाव्या मजल्यावरच्या आईला खाली खेळणाऱ्या मुलाला हाक मारून उपयोग नसे. २००७ साली त्यांतली शेवटची इमारत पाडण्यात आली.

या सर्वांहून मोठा आघात झाला तो काम जाण्याचा. शिकागोची प्रसिद्ध कत्तलखान्यांची पेठ १९७१ साली बंद झाली, विस्कॉन्सिन स्टील १९८० साली, आणि चाळीस हजारांवर माणसांना कधीकाळी पोसणारा हॉथॉर्नचा दूरध्वनियंत्रांचा कारखाना १९८३ साली. विल्यम ज्युलियस विल्सन या समाजशास्त्रज्ञांनी दक्षिण शिकागोतील तीन जुन्या कृष्णवर्णीय वस्त्यांचा हिशेब मांडला, तो असा: १९५० साली तेथील चौदा वर्षांवरील पुरुषांपैकी ६९ टक्के कोणत्याही आठवड्यात कामावर असत, १९९० साली सोळा वर्षांवरील पुरुषांत हे प्रमाण ३७ टक्क्यांवर आले. घर गरीब असणे निराळे आणि घर बेकार असणे निराळे, असे विल्सन यांचे प्रतिपादन आहे. ज्या घरात कोणीच सकाळी ठरल्या वेळी उठून कामावर जात नाही, त्या घरात घड्याळाला अर्थ उरत नाही आणि शाळेच्या घंटेलाही. १९८२ च्या संपानंतरचे गिरणगाव ज्यांनी पाहिले, भोंगा बंद झाल्यावर चाळीचा दिवसच कसा विस्कटला हे ज्यांनी अनुभवले, त्यांना हे अधिक समजावून सांगण्याची गरज नाही. विल्सन यांनी आणखी एक कडू सत्य सांगितले. नागरी हक्कांच्या कायद्यांनी वस्तीची दारे उघडताच प्रथम बाहेर पडले ते डॉक्टर, शिक्षक, वकील; आणि ज्यांच्याकडे बोट दाखवून आई मुलाला म्हणत असे की तसा हो, ती बोट दाखविण्याजोगी माणसेच गल्लीतून नाहीशी झाली.

आता दुसरी बाजू ऐकली पाहिजे, कारण ती केवळ निष्ठुरांची बाजू नाही. १९६५ साली सरकारच्या कामगार खात्यातील अधिकारी डॅनियल पॅट्रिक मॉयनिहॅन यांनी आपल्या अहवालात कृष्णवर्णीय कुटुंबसंस्था ढासळत असल्याचा इशारा दिला, तेव्हा बळी पडलेल्यालाच दोष देता, असा गहजब त्यांच्यावर झाला. वास्तविक पुरुषांची बेकारी हे एक मोठे कारण म्हणून त्यांनीच नमूद केले होते. १९८४ साली राज्यशास्त्रज्ञ चार्ल्स मरे यांनी त्याही पुढे जाऊन असे मांडले की, सरकारी मदतीने गरिबांना अल्पकाळ सोयीचे आणि दीर्घकाळ घातक असे वागणे शिकविले. या म्हणण्याला आधार होता. १९३५ पासून चालत आलेल्या कुटुंबसाहाय्य योजनेत अनेक राज्यांचा असा नियम होता की, घरात पुरुष राहतो असे आढळले तर मदत बंद. १९६८ साली न्यायालयाने तो रद्द करीपर्यंत सरकारी निरीक्षक रात्री-अपरात्री दार ठोठावून बापाचे जोडे कोठे दिसतात का हे पाहत. आणि १९६७ पूर्वीचा नियम असा की, आईने बाहेर काम करून एक डॉलर मिळविला तर मदतीतून एक डॉलर कापला जावा. बापाने निघून जावे आणि आईने घरी बसावे, हे ज्या खात्याने पैसे मोजून शिकविले त्याच्याच वरिष्ठांनी पुढे कुटुंबवत्सलतेवर आणि श्रमप्रतिष्ठेवर व्याख्याने द्यावीत, यात विनोद आहे तितकेच दुःखही आहे. १९९६ च्या कायद्याने मदतीला पाच वर्षांची मुदत घातली. पाच वर्षांत मदत घेणाऱ्यांची संख्या निम्म्याहून कमी झाली आणि एकट्या माता मोठ्या संख्येने कामावर गेल्या, हे मान्य केलेच पाहिजे, जरी त्या वर्षांत व्यापाराला तेजी होती हेही त्याच दमात नोंदले पाहिजे.

परंतु मरे यांच्या युक्तिवादाकडे जरा निरखून पाहिले, तर असे दिसते की तोही परिस्थितीचाच युक्तिवाद आहे. नियम बदलले तसा मनुष्य बदलला, असे ते म्हणतात. म्हणजे गरीब मनुष्य विचारशून्य नाही, तो समोरच्या लाभहानीचा हिशेब करतो. विल्सनही वेगळे काय सांगतात? हिशेब दोन्ही पक्षांना मान्य आहे. भांडण आहे ते कोणाच्या वहीतले भाव चुकीचे लागले याचे. म्हणून माझ्या मते या वादातला खरा प्रश्न असा आहे की, एका विशिष्ट वस्तीत सद्गुणाला काय भाव पडतो आणि चुकीला काय दंड पडतो. उपनगरातला सतरा वर्षांचा मुलगा शाळा बुडवितो, मारामारी करतो, खिशात गांजा बाळगतो. हेडमास्तर वडिलांना बोलावतात, वडील वकिलाला बोलावतात, आणि दोन वर्षांनी तो कॉलेजात असतो. अंतर्भागातल्या मुलाने हेच केले तर फौजदारी दप्तरात त्याचे नाव लागते आणि पुढे प्रत्येक नोकरीच्या अर्जावर ते त्याच्या आधी जाऊन उभे राहते. अपराध तोच, फरक आहे तो दंडात. उलट बाजूने, काम उपनगरात गेले आणि बस तेथवर जात नाही, म्हणून पहाटे चारला उठून दोन बस बदलून जाणाऱ्या बाईला वेळेवर हजर राहण्याच्या साध्या गुणासाठी जी किंमत मोजावी लागते, ती मोटार असलेल्या कारकुनाला ठाऊकही नसते. जबाबदारी दोघांनाही आहे. पण एकाला ती फुटकळ भावात मिळते आणि दुसऱ्याला सावकारी व्याजाने.

हे नुसते तर्काचे बोलणे राहू नये म्हणून एका प्रयोगाची हकीकत सांगतो. १९९४ ते १९९८ या काळात अमेरिकन सरकारने शिकागो, न्यूयॉर्क, बॉस्टन, बाल्टिमोर आणि लॉस एंजेलिस येथील सरकारी वसाहतींतल्या, बाहेर पडू इच्छिणाऱ्या सुमारे ४,६०० कुटुंबांच्या नावे अक्षरशः सोडत काढली. काहींना दारिद्र्य अत्यल्प असलेल्या वस्तीतच घर घेता येईल असे भाडेपत्र, म्हणजे भाड्यासाठी सरकारी मदतीचे पत्र, मिळाले, काहींना बिनअटीचे, आणि काहींना नवे काहीच मिळाले नाही. कष्टाळू आया एकीकडे आणि आळशी दुसरीकडे अशी विभागणी होण्याचा संभव सोडतीने नाहीसा केला, हेच या प्रयोगाचे मर्म. प्रथमचे निष्कर्ष परिस्थितीवाद्यांना खट्टू करणारे निघाले: पत्ता बदलल्याने प्रौढांची मिळकत वाढली नाही, मात्र त्यांचे मानसिक स्वास्थ्य सुधारले व मधुमेह आणि अतिस्थूलता कमी आढळली. मुलांचा हिशेब लागायला मात्र ती मोठी व्हावी लागली. २०१५ साली, दिल्लीत जन्मलेले अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि त्यांचे सहकारी यांनी दाखवून दिले की, तेरा वर्षांच्या आत ज्यांचा मुक्काम चांगल्या वस्तीत हलला, त्यांची विशीच्या मध्यावरची मिळकत, न हललेल्या मुलांपेक्षा ३१ टक्क्यांनी अधिक होती. तेराच्या पुढे हललेल्यांना मात्र लाभ झाला नाही. किंचित तोटाच झाला. आया त्याच, त्यांचे वळण लावणेही तेच. भेद केला तो चिठ्ठीने आणि वयाने. इच्छाशक्ती जागी होण्यापूर्वीच परिस्थिती घरात येऊन बसलेली असते, आणि ज्या वयात आपण मुलाला जबाबदार धरू लागतो त्या वयापर्यंत तिचे बरेचसे काम उरकलेले असते. तरीही त्याच प्रयोगात, चांगल्या वस्तीचे भाडेपत्र ज्यांना लाभले त्यांतील जेमतेम निम्म्यांनीच ते वापरले, हेही विसरून चालणार नाही. मुदतीत घर शोधणे, परक्या वस्तीतल्या घरमालकाचा होकार मिळविणे, शेजार आणि नातलग सोडणे, यांतून पार पडण्यासाठी जे बळ लागते ते कोणत्याही सरकारी कागदातून येत नाही.

याच शिकागोच्या दक्षिण भागात वाढलेली एक मुलगी रोज पहाटे उठून, दीड दीड तास बसचा प्रवास करून, १९७५ साली उघडलेल्या एका निवडक सरकारी शाळेत जात असे. तेथून ती प्रिन्स्टनला आणि हार्वर्डला गेली. मिशेल ओबामा यांचे नाव वैयक्तिक जबाबदारीच्या प्रत्येक व्याख्यानात येते आणि यावेच. परंतु ती बस, ती शाळा, आणि दुर्धर व्याधी जडलेली असूनही तिचे वडील ज्या नोकरीवर अखेरपर्यंत जात राहिले ती शहराच्या पाणीपुरवठ्याची नोकरी, ही सारी सार्वजनिक खर्चाच्या खात्यावरची होती. पहाटे उठली ती मुलगी. पण दिवा, येथेही, म्युनिसिपालिटीचाच होता.

महाराष्ट्राला या वादात अगदीच परके म्हणून बसता येणार नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामी नष्ट करणाऱ्या अमेरिकन जनांना; १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कला शिकलेल्या डॉ. आंबेडकरांनी १९४६ साली पत्र लिहून संपर्क साधला तो याच ड्यू बॉइस यांच्याशी. आणि ड्यू बॉइस यांनी ग्रंथात मांडलेली ती दोन कर्तव्ये आंबेडकरांनी महाडला प्रत्यक्ष आचरून दाखविली. १९२७ सालच्या त्या दोन परिषदांत त्यांनी आपल्या लोकांना मेलेल्या जनावराचे मांस सोडण्यास सांगितले, स्त्रियांना वेष, टापटीप आणि मुलींचे शिक्षण यांविषयी परखड उपदेश केला. त्यात दयामाया नव्हती. परंतु तो उपदेश करणारा मनुष्य त्याच लोकांच्या पुढे होऊन चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरला होता आणि तळ्याच्या हक्कासाठी १९३७ पर्यंत कोर्टात लढत राहिला. त्या तळ्याचीही मौज पाहा: १९२४ सालीच महाडच्या म्युनिसिपालिटीने ते सर्वांना खुले केल्याचा ठराव केला होता. ठराव होता, पाणी नव्हते.

येथे मला या प्रश्नाचे सूत्र सापडते. 'जबाबदारी' या शब्दात जबाब आहे, आणि जबाब घेण्याचा अधिकार प्रत्येकाचा सारखा नसतो. हट्टाने, कष्टाने, स्वतःच्या पायावर उभा राहा, परिस्थितीचे रडगाणे गाऊ नको, हे वाक्य आईच्या तोंडी शोभते, गुरूच्या तोंडी शोभते, आपल्याबरोबर पायऱ्या उतरणाऱ्या पुढाऱ्याच्या तोंडी शोभते; कारण मुलगा हरला तर त्याच्याबरोबर तेही हरणार असतात. तेच वाक्य कायद्याच्या मथळ्यात जाऊन बसले की त्याचा अर्थ पालटतो. नकाशा तांबडा कोणी केला, खरेदीखतात अट कोणी घातली, बापाचे जोडे शोधायला निरीक्षक कोणी पाठविला, यांचा जबाब ज्याच्याकडे बाकी आहे, त्यानेच फिर्यादीच्या खुर्चीवर बसावे असा तो प्रकार होतो. दिवा लावणाऱ्याने शिडीवरून खाली पाहून अभ्यासाचा उपदेश करू नये. त्याने काच पुसावी, वात सारखी करावी आणि पुढच्या खांबाकडे जावे. खाली बसलेला कोणी पुस्तक उघडील, कोणी पत्ते पिसील, आणि पत्ते पिसणाऱ्याचा कान धरायला त्याची आई समर्थ आहे. पण खांबावरचा दिवाच विझलेला असेल, तर त्या अंधारात 'अभ्यास का केला नाहीस' असे मुलाला विचारण्याचा अधिकार कदाचित त्या आईला असेल, म्युनिसिपालिटीला नाही.